पंचफुलाबाईंचं पिवळं टपाल

वरवट बकालच्या पोस्टात मी पोस्टमास्तर म्हणून रुजू झालो, त्याच्या तिसऱ्याच दिवशी थैलीतून एक कार्ड निघालं. पत्ता असा होता : 'ज्यांच्या गोळीनं गुडघा वाकतो त्या बाई, वरवट बकाल.' नाव नाही, गल्ली नाही, घराची खूण नाही. अशा कार्डावर 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून ते परत पाठवायचं, हे मला शिकवलेलं होतं. मी शेरा लिहायला घेतला, तेवढ्यात आमच्या पोस्टमननं कार्डावर हात ठेवला.

"बाबू, हे पंचफुलामावशीचं हाये," तो म्हणाला. "गावात याच्याहून पुरा पत्ता कोनाचाच नाही."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी साताऱ्याकडचा. वऱ्हाडी बोली मला सुरुवातीला अर्धीच कळायची. 'काऊन' म्हणजे का, 'हाव' म्हणजे हो, आणि 'ळ' हे अक्षर इथं जवळजवळ रद्दच केलेलं आहे, एवढं मी पहिल्या आठवड्यात शिकलो. हळदीला हयद, गोळीला गोयी. बायकासुद्धा स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलायच्या. या भाषेतली माझी खरी शिक्षिका म्हणजे पंचफुलाबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि गावात सगळ्यांत जास्त पत्रं त्यांनाच येत. त्यामुळे पुढची साडेचार वर्षं त्यांची पत्रं वाचणं आणि त्या सांगतील तशी उत्तरं लिहिणं, हे पोस्टाच्या कुठल्याही नियमात न बसणारं काम माझ्याकडे आलं.

त्या कार्डाची बातमी लागून दुपारी त्या स्वतःच पोस्टात आल्या. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक बाई. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. नखं पिवळी, पदराची कडही पिवळी. रजिस्टर पत्र घेताना त्या काळ्या शाईत अंगठा बुडवून उठवत, तरी कागदावर शाईभोवती एक पिवळी कड उमटायची. मी बाक पुढे केला, पण त्या ओट्यावर खांबाला पाठ लावून, पाय लांब सोडून बसल्या.

"वाचा, बाबू. हयू वाचा."

कार्ड नांदुऱ्याच्या एका शिंप्याचं होतं. उजवा गुडघा दुखतो, कोणीतरी तुमचं नाव सांगितलं, गोळ्या पाठवाव्या, एवढंच. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि मग मलाच विचारलं,

"मशिनीवर कोनता पाय ठेवते तो?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"सकायी दुखते का सांजी?"

"तेही नाही लिहिलं."

"मंग लिवलं काय यानं?"

"गोळ्या पाठवा म्हणून लिहिलंय."

"गोया काय शेंगदाने हायेत, मागतले आन धाडले?" त्या शांतपणे म्हणाल्या. "लिवा. आदी माह्या प्रश्नाचं उत्तर दे म्हना."

असे त्यांचे आठ प्रश्न होते. दुखतं कुठं, कधी दुखतं, काम काय करता, झोपता कशावर, घरात पाणी कोण भरतं, दिवसाकाठी किती चालता, जेवता काय, आणि शेवटचा, घरात भांडण कोणाशी आहे. हा आठवा प्रश्न लिहायला मी पहिल्यांदा कां-कूं केलं. अनोळखी माणसाला असं कसं विचारायचं?

"अनोयखी कायचा?" त्या म्हणाल्या. "त्यानं मले आपला गुडघा दाखोला. आता लपवाचं काय राह्यलं?"

आणि लोक उत्तरं देत. मला वाटलं होतं, एवढी चौकशी पाहून माणसं गप्प बसतील. उलट, ज्यानं दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं त्याचं दोन पानी पत्र येई. पहिल्या सात प्रश्नांना एकेक ओळ आणि आठव्याला उरलेला सगळा कागद. जळगावकडच्या एका बाईनं तर आठ पानं लिहिली. मान दुखते, उजवीकडे वळत नाही, आणि सासू कशी आहे. पंचफुलाबाईंनी आठही पानं ऐकली. मध्ये कोणी तिकिटं घ्यायला आलं की मी थांबे, तेवढ्यात त्या स्वतःशी मान हलवत बसत. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "ही बाई स्वयपाकघरात बसते तवा सासू उजव्या बाजूले बसते. हे पाहातच नाही तिकडं. मान आखडनच. लिवा : बाई, गोया धाडून राह्यलो. पन आपल्या हातानं घ्याच्या नाही. सासूच्या हातून घ्याच्या. सकाय-संध्याकाय."

महिन्यानं उत्तर आलं. मान आता वळते. सासूबाईंनी स्वतःच्या कमरेसाठी गोळ्या मागवल्या आहेत, आणि त्या सुनेच्या हातूनच घेईन असं त्यांचं म्हणणं आहे.

गोळ्या साध्याच होत्या. विहिरीजवळच्या चिंचोळ्या पट्टीत पंचफुलाबाई हळद लावत. शिमग्याच्या आधी ती खणून, मोठ्या कढईत शिजवून वाळवली जाई, तेव्हा अर्ध्या गावाला त्या वासाची खबर लागे. मग ती उखळात कांडायची, वस्त्रगाळ करायची, त्यात सुंठ, मेथी, मिरी, जुना गूळ आणि बोटाला लागेल एवढं तूप. बोराच्या बीएवढ्या गोळ्या वळून सुपात, सावलीत वाळवायच्या. माहेरी असताना त्या हळद शिजवण्याच्या मजुरीला जात. दिवसभर वाकून काम केल्यावर तिथली एक म्हातारी मजूर सगळ्या बायकांच्या तळहातावर हळद-सुंठ-गुळाची चिमूट ठेवायची. तिच्याकडून हे आलं. पुढं यांनी त्यात मेथी घातली, मिरी घातली, प्रमाण बदललं.

या गोळीला त्यांनी कधी औषध म्हटलं नाही. गोयी म्हणत. गोळीचा गुण किती, त्या सांगत त्या शेकाचा आणि चालण्याचा किती, आणि लांब कुठंतरी कोणी आपल्या गुडघ्याची एवढी चौकशी करतंय याचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनाही येत नसे, आणि ते त्या लपवत नसत. "कोनाले लागू पडते, कोनाले नाही," असं प्रत्येक पत्रात लिहायला लावत. "नाही पडली तं वरनात टाका. हयद वाया जात नाही."

वरणाचा विषय निघाला म्हणून त्यांच्या मालकांबद्दल सांगायला हवं. गोविंदभाऊ मोठे सज्जन, मितभाषी गृहस्थ, पण हळदीचा वास त्यांना सहन होत नसे. या बाईच्या घरात, जिथं माठ पिवळा, उंबरठा पिवळा, बैलाचं शिंगसुद्धा पिवळं, तिथं एका माणसासाठी रोज पांढरं वरण वेगळं शिजत असे. त्यांचे गुडघे दुखत नसत का, असं मी एकदा विचारलं. "दुखते ना," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पन मले नाही सांगत. हसनभाईले सांगते."

हसनभाई पिंजारी त्यांचे शेजारी. गावातल्या गाद्या-रजया तेच करत. कापूस पिंजून पिंजून खांदा धरला होता, तेव्हा पंचफुलाबाईंनी त्यांना बरं केलं, असं ते सांगत. पंचफुलाबाई सांगत की खांदा आपोआप बरा झाला, कारण त्या दिवसांत लग्नसराई संपली होती. ते काही असो, तेव्हापासून पार्सलं शिवायचं काम हसनभाईंनी आपणहून घेतलं. पार्सल कापडात शिवून, टाक्यावर लाख लावून आणायचं असा आमचा नियम. हसनभाईंची शिवण इतकी सुबक असे की मला लाख लावताना वाईट वाटे.

आणि इथंच घोळ झाला. कापड कितीही जाड घेतलं तरी हळद बाहेर यायचीच. थैलीत ही पार्सलं इतर पत्रांना चिकटून बसत आणि आमच्या पोस्टातून जाणारं निम्मं टपाल पिवळं होऊन पोचे. एरवी कोणी मनावर घेतलं नसतं. पण आपल्याकडं लग्नाच्या पत्रिकेला हळद लावतात, आणि कोणी गेल्याची बातमी असेल त्या कार्डाला चुकूनही लावत नाहीत. गावातले एक नव्वदीचे म्हातारे वारले, त्यांच्या घरच्यांनी अकोल्याच्या नातेवाइकांना कार्ड टाकलं, आणि ते कार्ड कोपऱ्यावर छान पिवळं होऊन अकोल्याला पोचलं. तिथं घरात वाचता येणारं माणूस बाहेर गेलेलं. बायकांनी हळदीचा कोपरा पाहिला आणि शेजारी साखर वाटली. संध्याकाळी कार्ड वाचलं गेलं. दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसात तक्रार गेली.

चौकशीला इन्स्पेक्टर साहेब आले. कडक माणूस. एस.टी.तून उतरताना मात्र एक हात कमरेवर. त्यांनी थैली हुंगली, टेबल हुंगलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी पंचफुलाबाईंना बोलावणं पाठवलं. माझी नोकरी जाते की काय अशी मला काळजी होती. त्या आल्या, साहेबांना रामराम केला आणि खांबाला टेकून बसल्या.

"बाई, तुमच्या मालामुळं सरकारी टपाल खराब होतं," साहेब म्हणाले.

"हाव, होते."

कबुली इतक्या लवकर मिळेल असं साहेबांना वाटलं नव्हतं. त्यांनी वही उघडली, पुन्हा मिटली. उठताना कमरेतून कळ आली, ती त्यांच्या तोंडावर दिसली. हळूच म्हणाले, "या कमरेवर काही देता का?"

"देतो. पन आता नाही," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आदी तुमची चौकशी लिवून पुरी करा. माही चूक असन तं चूक लिवा. बाबूची चूक नाही, तेबी लिवा. सही करा. मंग कमरेचं बोलू. आदी गोयी देल्ली तं तुमच्याच सहीले पिवया डाग लागन."

साहेब तिथंच बसले आणि चौकशी लिहिली. पोस्टमास्तरास समज द्यावी, माल पत्र्याच्या डब्यात बंद करून, वरून मेणकापड लावून, वेगळ्या पिशवीतून पाठवावा. सही केली. मग त्यांना आठ प्रश्न विचारण्यात आले. मी आत तिकिटं मोजण्याचं निमित्त काढलं. आठव्या प्रश्नाला साहेब बराच वेळ बोलत होते. अकोल्याच्या घरी पंचफुलाबाईंनी स्वतः जाऊन माफी मागितली. तिथल्या म्हातारीनं त्यांना जेवू घातलं आणि म्हणाली, "आमच्या बुढ्याले हसवाची हौस होती. जातानाबी हसवून गेला."

आता जी गोष्ट सांगणार आहे ती तिसऱ्या वर्षातली.

मलकापूरला एका जिनिंगमध्ये महादेव नावाचा हमाल होता. कापसाच्या गाठी उचलून पाठ दुखायची. त्याची बायको कमल चौथी शिकलेली, तीच पत्रं लिही. आठ प्रश्नांची उत्तरं आली, गोळ्या गेल्या, बरं वाटतंय असं कळलं, पुन्हा गोळ्या गेल्या. दोन महिने असं चाललं. मग एका सकाळी कमलचं पत्र आलं. मी नेहमीसारखं वाचत होतो. 'तीन दिवसांपासून त्यांच्या दोन्ही पायांना मुंग्या आहेत. काल पायावर गरम चहा सांडला, तो त्यांना कळला नाही. तरी या वेळी दुप्पट गोळ्या पाठवाव्या.'

पंचफुलाबाईंनी डोळे उघडले.

"चाय सांडला, तो कयला नाही?"

"असंच लिहिलंय."

त्या उठून उभ्या राहिल्या. "दुखते म्हनते तवर माहं काम हाये, बाबू. कयत नाही म्हनते, ते माहं काम नाही."

मी म्हणालो, "लगेच कार्ड लिहितो, दवाखान्यात न्या म्हणून."

"कार्ड परवा पोचन. मी आज पोचतो."

हसनभाई अर्धी पिंजलेली रजई तशीच टाकून त्यांच्याबरोबर निघाले. दुपारच्या एस.टी.नं नांदुरा, तिथून गाडीनं मलकापूर. पुढचं मला हसनभाईंनी सांगितलं. महादेव खाटेवर पडलेला, कमल विटेनं शेकत बसलेली. त्यानं विचारलं, "मावशी, गोया आनल्या का?"

"नाही आनल्या. तुले न्याले आलो."

शेजाऱ्यांची हातगाडी घेतली, त्यावर घरातली गादी टाकली, आणि महादेवला झोपवून स्टेशनावर आणलं. गर्दीच्या डब्यात हसनभाई दारात उभे राहून "मरीज है, भाऊ, जागा द्या" असं दोन्ही भाषांत सांगत होते. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी विचारलं, याला आजवर काय दिलं? अशा वेळी माणसं सांगत नाहीत. पंचफुलाबाईंनी पदराची गाठ सोडून गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि त्यात काय काय आहे ते एकेक करून सांगितलं. "दोन महिने हे देल्लं. मीच देल्लं."

मणक्यात पू होऊन नसेवर दाब येत होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर पाय कायमचे गेले असते. शस्त्रक्रिया झाली. पंचफुलाबाई नऊ दिवस तिथं राहिल्या, कमलला जेवायला लावत, वॉर्डातल्या लोकांना पाणी देत. शेवटच्या दिवशी त्यांनी डॉक्टरांची वाट अडवली.

"डाक्तर, मले एक सांगा. हे आदी कसं ओयखावं?"

डॉक्टर घाईत होते. पण या बाईकडं पाहून ते स्टुलावर बसले आणि त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. त्या विसरू नयेत म्हणून पंचफुलाबाईंनी हसनभाईंकडून एक दोरा घेतला आणि प्रत्येक गोष्टीला एक, अशा चार गाठी मारल्या.

गावात परतल्यावर त्यांनी उखळ उपडं केलं.

सगळ्यांना वाटलं, थकल्या असतील. आठवडा गेला, दोन आठवडे गेले. पत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर वाढत चालला. मी त्यांच्या घरी गेलो. अंगण झाडून लख्ख होतं, सूप भिंतीला टांगलेलं. त्यांचे हात मी पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या रंगाचे पाहिले.

"मावशी, पत्रं साठलीत."

"साठू द्या."

"तुम्ही तर त्याचे पाय वाचवले."

"वाचोले डाक्तरनं," त्या म्हणाल्या. "त्याले दोन मयने बरं वाटलं म्हनते, बाबू. बरं वाटलं म्हनून तो गाठी उचलत राह्यला. माह्या गोयीनं त्याले उचलाले लावलं. मी त्याले आठ गोष्टी इचारल्या, आन जे इचारावं तेच नाही इचारलं."

गोविंदभाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, हिले काही सांगा. घरात करमत नाही." हळदीचा वास गेल्यामुळे त्या माणसाला करमत नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

महिना झाला असेल, आणि कमलचं कार्ड आलं. मी ते घेऊन धावतच गेलो. तिनं लिहिलं होतं : 'आज हे भिंतीला धरून उभे राहिले आणि चार पावलं टाकली. पाचव्याला बसले, पण आपणहून बसले. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन चालतील, ओझं मात्र उचलायचं नाही. जिनिंगच्या मालकांनी वजनकाट्यावर बसायचं काम देतो म्हटलं आहे. यांनी विचारायला सांगितलं आहे की मावशींनी गोळ्या बंद केल्या हे खरं का. कारण इथं वॉर्डात सहा जण पत्ता मागत आहेत, त्यांना काय सांगू?'

"पुन्ना वाचा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. 'पाचव्याला बसले, पण आपणहून बसले' इथं आल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. रडताहेत असं मला वाटलं. पाहिलं तर हसत होत्या, डोळ्यांत पाणी होतं ते वेगळं. मग उठल्या, आत जाऊन चार गाठींचा दोरा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कागद काढा, बाबू."

एकेका गाठीवर बोट ठेवत त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'गोळीच्या आधी हे वाचा. दुखण्याबरोबर ताप असेल, हात-पाय बधिर होत असतील किंवा लघवीचं कळत नसेल, सांधा लाल होऊन सुजला असेल, अंग वाळत चाललं असेल, तर गोळी खाऊ नका. दवाखान्यात जा. गोळीनं बरं वाटलं तरी ओझं उचलू नका. महिन्यात गुण नाही आला तर गोळी सोडा आणि डॉक्टरला दाखवा.' खाली नाव. ही चिठ्ठी प्रत्येक पार्सलात जायची, आणि साठलेल्या सगळ्या पत्रांना उत्तरं द्यायची होती. तेव्हा पंधरा दिवस मी रोज तीस-तीस चिठ्ठ्या लिहिल्या. माझं मनगट धरलं. त्यांनी मलाही आठ प्रश्न विचारले, आठव्यासकट.

"भांडण तुमच्याशीच आहे," मी म्हणालो. "एवढं लिहायला लावता."

"मंग गोयी माह्या हातूनच घ्या," त्या म्हणाल्या.

त्याच सुमारास मलकापूरचे एक व्यापारी आले. गाडी, टोपी, सोबत एक मुनीम. त्यांना या गोळ्या बाटलीत भरून विकायच्या होत्या. बाटलीवरचं चित्रही काढून आणलं होतं. कमळात उभी असलेली, गोरीपान, चार हातांची एक बाई, एका हातात उखळ. ती पंचफुलाबाई होती. खालचा मजकूर मुनीमानं वाचून दाखवला : कंबर, गुडघा, मान, डोकं, दमा, मूळव्याध यांवर रामबाण.

पंचफुलाबाई चित्र निरखत म्हणाल्या, "दोन हात माहे हायेत. बाकीचे कोनाचे?" मग म्हणाल्या, "आन मुयव्याध मले सोताले झाली होती. या गोयीनं काईच नाही झालं. तुमाले कोनी सांगतलं?"

शेटजी हसले. ते शब्द काढून टाकू म्हणाले. पंचफुलाबाईंनी दोऱ्याच्या चार गाठी पुढं केल्या आणि हे मात्र घाला, नावापेक्षा मोठ्या अक्षरात घाला, असं सांगितलं.

"मावशी, बाटली एवढीशी. एवढं मावणार कसं?"

"मंग बाटली मोठी आना."

"आणि 'गोळी खाऊ नका' असं वाचल्यावर घेईल कोण?"

"ज्याले गोयी पाह्यजे तो गोयी घेईन. ज्याले दवाखाना पाह्यजे तो दवाखान्यात जाईन. दोघंबी आपलेच."

बाटली काही निघाली नाही. जाताना शेटजींनी आईच्या गुडघ्यासाठी मूठभर गोळ्या मागितल्या, आणि पंचफुलाबाईंनी त्यांना प्रश्नांचा कागद दिला. दोन आठवड्यांनी मलकापूरहून एक जड पार्सल आलं. उघडलं तर आत छापलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, चार गोष्टी ठळक टायपात. माझं मनगट सुटलं. सोबत शेटजींचं पत्र : 'आईनं आठही उत्तरं दिली आहेत, ती जोडली आहेत. आठवं उत्तर माझ्याविषयी आहे. ते कृपया मोठ्यानं वाचू नये.'

मी ते मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं, कारण पंचफुलाबाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोपाच्या वेळी त्या फारसं बोलल्या नाहीत. "नवीन बाबूले सांगून जा, मी बाकावर नाही बसत म्हनून," एवढंच म्हणाल्या. त्यांची पत्रं नंतर कोण वाचत होतं, कोण लिहीत होतं, मला कळलं नाही. मला त्यांची दोन आली. दोन्ही नवीन बाबूंच्या अक्षरात होती, आणि दोन्हींत नवीन बाबूंबद्दलच्या तक्रारी होत्या. त्या बिचाऱ्यांनी मुकाट्यानं लिहून घेतल्या होत्या.

शेवटचं पाहिलं ते सात वर्षांनी, अकोला स्टेशनवर. मी नागपूरहून येऊन गाडी बदलायला उतरलो होतो. समोर नागपूरकडे जाणारी पॅसेंजर उभी होती. तिच्या डब्यातून एक उंच बाई लोटा घेऊन उतरली आणि नळाकडे निघाली. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, जवळ आल्या, मला खाली-वर निरखलं.

"लय बसून राह्यता, बाबू," त्या म्हणाल्या. "पोट पाहा."

लेकीकडं नागपूरला निघाल्या होत्या. तिला तिसरं मूल झालं होतं. गोविंदभाऊ बरे होते. महादेवनं स्वतःच्या मुलीचं नाव पंचफुला ठेवलं होतं. ते सांगताना त्या ओशाळल्या, म्हणाल्या, "पोरीचं नाव खराब केलं त्यानं." डब्यात खिडकीशी एक म्हातारा बसला होता, त्याला तहान लागली होती म्हणून त्या पाण्याला उतरल्या होत्या. तो कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नळावर गर्दी होती. त्यांचा नंबर लागला, लोटा भरला, आणि शिट्टी झाली.

गाडी हलली. मी म्हणालो, "मावशी, राहू द्या, पुढची गाडी..." पण त्या निघाल्याही होत्या. साठी उलटलेली बाई एका हातानं लुगडं उचलून, दुसऱ्या हातात भरलेला लोटा उंच धरून फलाटावरून पळत होती. हमाल बाजूला झाले. डब्यातले लोक हात बाहेर काढून "या, या" म्हणत होते. त्यांनी आधी खिडकी गाठली, म्हाताऱ्याच्या हातात लोटा दिला, त्याची बोटं लोट्याभोवती नीट मिटवली, मग दाराचा दांडा पकडला आणि उडी मारून आत चढल्या.

मी तिथंच उभा होतो. गाडी सिग्नलपर्यंत गेली तरी त्या दारात उभ्या होत्या, धापा टाकत, तोंडभर हसत, आणि हात हलवून मला सांगत होत्या की आता चालायला लागा.